सात बावन्नची फेरी

१

शनिवारी सकाळी शलाका चहाची किटली घेऊन शेजारच्या पुराणिकांकडे गेली, तेव्हा तिथं चौकशी संपून निकाल लागायच्या बेतात होता.

आरोपी दाराशी उभी होती. जाई, वय वर्षं एकोणीस, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. समोरच्या खुर्चीत अहिल्यामावशी ताठ बसल्या होत्या. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं चाललं होतं ते विश्वंभर पुराणिक, रेल्वेचे निवृत्त गार्ड, दोन रात्री उलटल्या तरी सापडले नव्हते. डिसेंबरातली झाशीची थंडी एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाची गय करत नाही.

घडलं होतं ते असं. विश्वंभरकाकांचा मुलगा देवेंद्र आणि सून रुचिरा गुरुवारी पहाटे गुरसरायला लग्नाला गेले. काकांची आठवण गेली दोन वर्षं दगा देत होती, म्हणून गेला महिनाभर येत होती तसंच सकाळ-संध्याकाळ जाईनं येऊन जेवण-औषध द्यायचं आणि रात्री वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं, मुकेशनं, खाली येऊन झोपायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी दोघं परतले तर दार नुसतं लोटलेलं आणि काका घरात नाहीत.

जाई ही अहिल्यामावशींच्या 'सोबत' या संस्थेतली मुलगी. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांकडे मावशी अशा पाच-सहा मुली पाठवायच्या. फेरी संपली की मुलीनं फोनवर 'झालं' हे बटण दाबायचं, की फोन ती वेळ मावशींच्या भाच्यानं, मिलिंदनं, बनवलेल्या प्रोग्रॅमकडे धाडायचा.

"गुरुवारच्या दोन नोंदी आहेत," मावशी म्हणाल्या. "एक सकाळी सात चाळीसची, दुसरी सकाळीच सात बावन्नची. म्हणजे बाईसाहेबांनी सकाळी दोनदा बटण दाबलं आणि संध्याकाळी घरी बसल्या. विश्वंभरराव दिवसाउजेडी निघून गेले आणि कुणाला पत्ता नाही."

"शाम को मी आले होते," जाई म्हणाली. "सच्ची, मावशी."

देवेंद्रनं रात्रभर डोळा लावला नव्हता. त्याचा आवाज बसला होता. "बारा वाजता मी चौकीत जाऊन हिचं नाव देणार आहे. बाबांना काही झालं तर मी हिला सोडणार नाही."

"आणि ग्वाल्हेरच्या नर्सिंगसाठी माझं पत्र मागत होती," मावशी म्हणाल्या. "चारित्र्य चांगलं आहे असं मी लिहून द्यायचं. आता कोणत्या तोंडानं लिहू?"

जाईला चार महिने राबून ती जागा मिळाली होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. चौकीत नाव गेलं की ती गेलीच.

शलाकानं किटली खाली ठेवली. ती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्रॅम तपासायची. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची, ही नोकरी सासवाही करतात, आपल्याला फक्त तिचा पगार मिळतो, असं ती स्वतःच म्हणायची. पण आज तिला थट्टा सुचत नव्हती. काकांनी तिला लहानपणी हिरवा-लाल झेंडा हातात देऊन अंगणात गाड्या सोडायला शिकवलं होतं.

"देवेंद्र, बारापर्यंत जरा दम धर," ती म्हणाली.

"आणि तोवर बाबा कुठं कुडकुडत असले तर?"

"त्यांच्यासाठीच म्हणते आहे. ही पोरगी खरं बोलत असेल, तर तुम्ही सगळे कालपासून त्यांना चुकीच्या वेळेत शोधताय."

२

जाईला तिनं मागच्या पायरीवर नेलं आणि हातात चहा दिला. जाईचे वडील जळगावकडचे, रेल्वेत ट्रॅकमन. घरात मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे बोलताना तिची गाडी सारखी रूळ बदलायची.

"गुरुवारी संध्याकाळी काय झालं, सगळं सांग. बारीकसारीक पण."

"अंधेरा झाला होता. आजोबा बेचैन होते. सकाळी कसे मस्त असतात, कुर्ता-पायजमा घालून पेपर वाचतात. शाम को त्यांचं मन लागत नाही. मी आले तर ट्रंक उघडून बसले होते. काळा कोट काढला, पुराना, पीतळेच्या बटणांचा. तोच घातला."

"मग?"

"जेवायला वाढलं, तर म्हणाले, ताटात नको, डब्यात भर, रात की ड्यूटी है." जाईनं चहा खाली ठेवला. "मी हसले, ताई. मला वाटलं गंमत करतात. मी डबा भरून दिला. गोळी दिली, ती त्यांनी माझ्यासमोर घेतली. बाहेरचा बल्ब लावला, दार ओढलं, फाटकाशी आले आणि बटण दाबलं. मुकेश भैया आठला येणार होते ना."

"हे तू देवेंद्रला सांगितलंस?"

"सांगितलं. ते बोलले, तू आलीच नव्हतीस तर हे सगळं कुठून आणलंस?" तिनं मान खाली घातली. "मी हसायला नको होतं."

शलाकानं आपला फोन काढून पाहिलं. पोलिसांना दिलेल्या वर्णनात आणि साऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या निरोपात लिहिलं होतं: पांढरा कुर्ता-पायजमा, गुरुवारी सकाळपासून बेपत्ता. काळ्या कोटाचा त्यात उल्लेखही नव्हता.

मावशींनी जप्त केलेला जाईचा फोन तिनं मागून घेतला. शेवटची नोंद तिथं स्वच्छ दिसत होती: 7:52 PM.

"मावशी, हा तर संध्याकाळ दाखवतोय."

"मिलिंद म्हणतो, फोनचं घड्याळ कुणालाही पुढं-मागं करता येतं," मावशी म्हणाल्या. "फोन तिच्या हातात होता. प्रोग्रॅम तिच्या हातात नव्हता."

मुद्दा बिनतोड होता आणि तोच शलाकाला खुपत राहिला.

३

मुकेश जिन्यावर डोकं धरून बसला होता. हा समथरच्या बाजारात माल पोचवणारा टेम्पोवाला, मनानं सरळ, पण शुक्रवारपासून कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. जो माणूस नजर चुकवतो त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, हा शलाकाच्या धंद्यातला नियम.

"मुकेश भैया, आठला यायचं ठरलं होतं. किती वाजता आलात?"

"दस बज गए ते, दीदी," तो म्हणाला. "समथर में गाड़ी फँस गई ती. सोचा, बाबूजी सो गए होंगे. आवाज दई, जवाब नईं आओ, तो हम ऊपर चले गए." त्यानं डोळे पुसले. "किवाड़ खोलके देख लेते तो का बिगड़ जातो. जई बात खाए जा रई है."

"आत अंधार होता?"

"भीतर अँधेरा। बाहर को बल्ब जल रओ तो।"

शलाका उठली आणि सरळ देवेंद्रपुढे जाऊन उभी राहिली. "गुरुवारी पहाटे निघताना बाहेरचा दिवा चालू होता?"

"मी स्वतः बंद केला. का?"

"रात्री दहाला तो जळत होता. मग तो लावला कुणी?"

देवेंद्रनं बाहेरच्या दिव्याकडे पाहिलं. "बाबांनीच लावला असेल."

"असू दे. पण दिवसाउजेडी कुणी बाहेरचा दिवा लावत नाही. म्हणजे अंधार पडेपर्यंत ते घरातच होते. सकाळपासून बेपत्ता, हे जमत नाही. दिवा जाईनं लावला असेल किंवा काकांनी, दोन्हीकडून उत्तर एकच येतं."

रुचिरा स्वयंपाकघराच्या दारात थबकली. देवेंद्रनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला थोडाच अवकाश होता.

"एका बल्बच्या जिवावर मी प्रोग्रॅम खोटा म्हणू?" तो म्हणाला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि लॅपटॉप छातीशी धरून मिलिंद आत आला.

४

मिलिंद हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं. एवढं सोडलं तर मुलगा चांगला. मावशींच्या संस्थेसाठी त्यानं एक पैसा न घेता हा प्रोग्रॅम लिहिला होता.

"शलाकाताई, मी सगळं गृहीत धरलं आहे," तो म्हणाला. "कुणाचा फोन मराठीत, कुणाचा हिंदीत, कुणाचा इंग्रजीत. प्रत्येक भाषेत फोन वेळ वेगळ्या तऱ्हेनं लिहितो. देवनागरी आकडे आले तर माझा प्रोग्रॅम ते वाचतो. एएम-पीएम वाचतो. आणि आपले लोक रेल्वेचे. निम्म्या घरांत चोवीस तासांचं घड्याळ. एकोणीस बावन्न असं आलं, पुढे एएम-पीएम काही नसलं, तर तेही तो घेतो."

"पुढे काही नसलं तर सरळ चोवीस तासांचं समजतो?"

"अर्थात. रेल्वेवाल्यांना तेच लागतं."

"नोंद पोचली किती वाजता, ते दिसतं का?"

"त्याचा उपयोग नाही. आपल्या नागरा मोहल्ल्यात नेट सारखं जातं, म्हणून फोन दिवसभराच्या नोंदी साठवून रात्री एकदम पाठवतो."

"मग ही सात बावन्नची नोंद माझ्यासमोर वाचून दाखव."

मिलिंदनं जाईचा फोन शेजारी ठेवला, त्यात बघून तीच अक्षरं आपल्या लॅपटॉपवर जशीच्या तशी टाइप केली आणि प्रोग्रॅमला दिली. उत्तर आलं: संध्याकाळी सात बावन्न.

"बघा," तो म्हणाला. "मी कालही हेच करून पाहिलं. पीएम आलं असतं तर प्रोग्रॅमनं संध्याकाळच लिहिली असती. त्यानं सकाळ लिहिली, म्हणजे फोनमधून सकाळच आली. नंतर हिनं पडद्यावरचं काहीतरी बदललं."

जाई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. देवेंद्रनं स्कूटरची किल्ली उचलली.

५

शलाका मिलिंदच्या बोटांकडे बघत होती. आतापर्यंत सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि तरी तिला वाटत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. मग तिच्या लक्षात आलं.

"मिलिंद, हे आत्ता तू टाइप केलंस," ती म्हणाली. "जाईनं काहीच टाइप केलं नव्हतं. तिनं बटण दाबलं आणि फोननं लिहिलं."

"त्यानं काय फरक पडतो? अक्षरं तीच आहेत."

"मग फोनमधली ओळ उचल, तशीच लॅपटॉपवर पाठव आणि ती प्रोग्रॅमला दे. बोटं लावू नकोस."

मिलिंदनं खांदे उडवले आणि ओळ उचलून दिली. पडद्यावर पुन्हा तेच दिसलं, 7:52 PM. उत्तर आलं: सकाळी सात बावन्न.

त्यानं पुन्हा दिली. पुन्हा सकाळ. त्यानं लॅपटॉप जवळ ओढला.

"आता तुझी ओळ वर ठेव, फोनची ओळ खाली ठेव," शलाका म्हणाली, "आणि मशीनला विचार, दोन्ही एकच आहेत का."

सगळे लॅपटॉपभोवती गोळा झाले. दोन ओळी, जुळ्या बहिणींसारख्या. मशीननं उत्तर दिलं: नाहीत.

"कुठं फरक आहे?" मावशींनी चष्मा सारखा केला. "मला तर दिसत नाही."

"कुणालाच दिसणार नाही, मावशी. फरक अक्षरांत नाही, अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत आहे." शलाकानं बोट ठेवलं. "आकडे संपले आणि पीएम सुरू झालं, त्यांच्या मधली ही जागा. आपण टाइप करतो ती साधी. पण अलीकडे फोन इंग्रजीत असला की तो तिथं एक वेगळी, अरुंद जागा घालतो, ओळ संपताना आकडे आणि पीएम यांची ताटातूट होऊ नये म्हणून. डोळ्याला दोन्ही सारख्याच. मिलिंदचा प्रोग्रॅम साधी जागा शोधतो. ती सापडली नाही तर त्याला वाटतं पुढे काहीच नाही, आणि—"

"आणि तो चोवीस तासांचं घड्याळ समजतो," मिलिंद हळू आवाजात म्हणाला. "सात बावन्न म्हणजे सकाळ." तो खाली बसला. "मी तसं लिहिलं नसतं तर प्रोग्रॅम अडला असता. चूक तरी कळली असती."

"तू रेल्वेवाल्यांची सोय बघितलीस. त्यात वाईट हेतू नव्हता."

"पण जाई महिनाभर येते आहे," देवेंद्र म्हणाला. किल्ली अजून त्याच्या हातात होती. "रोज संध्याकाळची नोंद बरोबर पडली. त्याच दिवशी का बिघडली?"

"तेच मला जाईला विचारायचं आहे. गुरुवारी सकाळी तुझा फोन कोणत्या भाषेत होता?"

"हिंदी."

"आणि संध्याकाळी?"

"अंग्रेजी. दुपारी बदलला." जाईनं मावशींकडे पाहिलं. "मावशींनीच सांगितलं होतं. ग्वाल्हेरला सगळं इंग्रजीत असतं, फोन तरी इंग्रजीत कर, म्हणजे डोळ्यांना सवय होईल."

अहिल्यामावशींच्या घराण्याला झाशीत अडीचशे वर्षं झाली होती आणि माघार घ्यायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नसावी. त्या उठल्या, जाईजवळ गेल्या आणि गुडघ्यांची कुरकुर सोसत तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मी तुझं ऐकूनच घेतलं नाही गं, पोरी," त्या म्हणाल्या. "यंत्राचं ऐकलं."

६

"रडायला नंतर वेळ आहे," शलाका म्हणाली. कठोर वाटलं तरी तिला ते बोलावंच लागलं. "जाई खरं बोलते आहे, तर तिनं सांगितलेलं सगळंच खरं. देवेंद्र, काकांची ट्रंक उघड."

ट्रंकेत काळा कोट नव्हता. स्वयंपाकघरात डबाही नव्हता. रुचिरानं दोनदा शोधला.

"आता नीट विचार करू," शलाका म्हणाली. "सकाळी निघालेले काका कुठं जातील? सिपरी बाजारात, देवळात, पेन्शनरांच्या कट्ट्यावर. तुम्ही तिथंच शोधलंत. स्टेशनच्या कॅमेऱ्यातही दिवसाचंच बघितलंत. पण काका निघाले आठ ते दहाच्या मधे, काळा कोट घालून, डबा घेऊन. त्यांच्या मनानं ते कुठं निघाले होते?"

देवेंद्रचा चेहरा बदलला. "ड्यूटीवर," तो म्हणाला. "मी लहान असताना कॉलमन यायचा बोलवायला. आई डबा भरायची. बाबा कोट घालून निघायचे."

"कोणती लाईन असायची?"

"माणिकपूरची. मालगाडी. बरुआसागरला तासन्‌तास उभी राहायची म्हणून आई चिडायची."

"मग चौकीत जाऊ नकोस, स्टेशनवर जा. गुरुवारी रात्री त्या लाईनवर गेलेल्या गाड्या बघ. आणि दारांपाशी गर्दीत शोधत बसू नकोस. गार्ड कुठं चढतो?"

"शेवटी," देवेंद्र म्हणाला. "शेवटच्या डब्यात." तो बोलता बोलता चप्पल घालत होता. मुकेश त्याच्याआधीच टेम्पो चालू करायला धावला.

तासाभरानं फोन आला. कॅमेऱ्यात गाडीच्या अगदी शेपटाशी काळा कोट दिसला होता. एक म्हातारा डबा सांभाळत, कुणाची मदत न घेता शेवटच्या डब्यात चढला होता. शलाकानं बरुआसागरच्या स्टेशनवर फोन लावला आणि वर्णन सांगितलं, या वेळी खरं.

पलीकडच्या माणसानं कुणाला तरी हाक मारून विचारलं. मग म्हणाला, "काला कोट? अरे, वो तो गेट पे हैं. श्रीकृष्ण के पास."

७

श्रीकृष्ण हा बरुआसागरच्या अलीकडच्या रेल्वे फाटकाचा गेटमन. गुरुवारी रात्री गाडीतून उतरून रुळांच्या कडेनं चालत एक म्हातारबाबा त्याच्या केबिनपाशी आला आणि लाईन क्लिअर, म्हणजे गाडी पुढं न्यायची परवानगी, कधी मिळणार, असं विचारू लागला. नाव विचारलं तर फक्त 'गार्ड' म्हणायचा. श्रीकृष्णनं त्याला शेकोटीजवळ बसवलं, आपलं कांबळं दिलं, घरून दूध-दलिया आणला आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर कळवलंही. तिथं लोकांनी फोनवरचा निरोप काढून ताडून पाहिला. पांढरा कुर्ता-पायजमा, सकाळपासून बेपत्ता, झाशी. हा बाबा कोटातला, रात्री आलेला. हा कुणी दुसराच, असं सगळ्यांनी ठरवलं.

"हमें का पता ती, भैया," श्रीकृष्ण देवेंद्रला म्हणाला. "दादा जाबे को तैयार नईं ते. कहत ते, गाड़ी छोड़ के गार्ड नईं जात."

देवेंद्रनं त्याच्या पायाला हात लावला. श्रीकृष्णनं त्याला वरच्या वर धरलं.

काकांना ताप होता आणि ते पोरासारखे हलके झाले होते, पण शुद्धीवर होते. टेम्पोत मुकेशनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी देवेंद्रला चालवायला दिली. झाशीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा शलाका, रुचिरा, मावशी आणि जाई तिथं आधीच येऊन थांबल्या होत्या. जाई सगळ्यांच्या मागे, दाराला चिकटून उभी होती. खरं ठरलं तरी पुढं यायचा धीर तिला होत नव्हता. एकदा खोटं ठरवलेल्या माणसाला तो परत गोळा करायला वेळ लागतो, आणि शलाकाला त्याचं फार वाईट वाटलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, कागद पुढं ओढला.

"दिल की दवा चल रही है ना इनकी? आखिरी गोली कब ली थी? मुझे ठीक-ठीक समय चाहिए, उसी हिसाब से इंजेक्शन देना है. अंदाज़ा मत बताइए."

देवेंद्र वळला, मावशींना आणि रुचिराला बाजूला सारून दारापर्यंत गेला आणि जाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढं घेऊन आला.

"इससे पूछिए, डॉक्टर साब," तो म्हणाला. "यही बताएगी."

जाईनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा देवेंद्रकडे.

"गुरुवार, शाम को," ती म्हणाली. "सात पचास के आसपास गोली दी. सात बावन को मैं फाटक पर थी."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.